छपरावरची परात

रस्त्यानं जाताना ते समोर कधी बघत नसत. नजर छपरांवर. कुणाच्या कवेलूंवर रेडिओची नवी तार दिसली की सायकल थांबायची, एक पाय जमिनीवर टेकायचा, आणि ओळख असो-नसो, दारातल्या माणसाला ऐकवायचं, "तार पूर्व-पश्चिम बांधली तुमी. नागपूर पूर्वेले, मुंबई पश्चिमेले. तार उत्तर-दक्षिण करा, दोन्ही साफ येतीन." तो माणूस हो म्हणाला तर ते स्वतःच वर चढत. नाही म्हणाला तर पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला जात. अकोल्यातल्या निम्म्या घरांची कवेलू त्यांच्या पायाखालून गेली होती, आणि काही फुटलीही होती.

आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. पोरं त्यांना एरियल मास्तर म्हणत, तोंडावरसुद्धा. ते ओ देत.

मी धामणगावहून मराठी शिकवायला त्या शाळेत रुजू झालो. शिक्षकांच्या खोलीत पाय ठेवला तर एका टेबलावर डबा उघडा होता आणि त्यात पोळीच्या शेजारी चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर. डब्याच्या मालकानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नाव नाही, गाव नाही. म्हणाले, "मास्तर, तुमी उंच हा. रविवारी काय करता?"

रविवारी मी त्यांच्या अंगणात बांबू धरून उभा होतो.

घर गावाच्या टोकाला, मोर्णा नदीच्या पलीकडे. मागं कपाशीची शेतं सुरू व्हायची. घरात दोघंच, सर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. वहिनींना लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप गेली होती. चालता चालता मध्येच त्यांना अंधारी येई आणि असतील तिथं पडत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, बाईंना एकटं ठेवू नका. पडल्यावर लवकर कुणी आलं नाही तर एखाद्या वेळी उठणार नाहीत. मग सोबतीला सरांची चुलत बहीण आणावी असं घाटलं. वहिनींनी सरळ सांगितलं, "मले राखण नको. मी काय कपाशीचं वावर हाओ?"

त्यावर सरांनी काढलेला तोडगा असा होता. वहिनींच्या हाताशी एक बटन. ते दाबलं की घरातल्या यंत्रातून रेडिओची लहर निघणार, आणि नदीपल्याड शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, सरांच्या टेबलावर घंटा वाजणार. मध्ये तार नाही, टेलिफोन नाही. आज हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा आमच्या गल्लीत रेडिओ असलेल्या घराला लोक रेडिओवाल्यांचं घर म्हणत.

सरांनी रीतसर परवानगी मागितली होती. ती आली, पण यंत्राची ताकद अगदी थोडी ठेवायची या अटीवर. दुसरा कोणी खट्टू झाला असता. हे उड्या मारत माझ्याकडे आले. "बरं झालं मास्तर. ताकद तं कोणीबी वाढवते. आपण पल्ला वाढवू." पुढं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की वर्गात बोलताना माझ्याही तोंडून निसटू लागलं. ताकद नाही, पल्ला.

पल्ला मोजायची रीत त्यांनीच ठरवली. घंटेची पेटी माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधायची. घरी वहिनींनी शंभर मोजायचे आणि बटन दाबायचं, पुन्हा शंभर, पुन्हा बटन. मी सायकल ढकलत शाळेच्या दिशेनं जायचं. घंटा जिथं शेवटची वाजेल तिथं भिंतीवर खडूनं फुली. पहिली फुली त्यांच्याच कुंपणावर पडली. दुसरी पानठेल्यावर. पानठेलेवाला मला विचारी, "मास्तर, आज कुठलोक?" मी म्हणे, "कापसाच्या जिनाच्या भिंतीपर्यंत जायला पाहिजे." तो पान लावता लावता कान देऊन ऐके, आणि पुढं गेल्यावर घंटा वाजली की मागून ओरडे, "गेली, गेली."

खरं सांगतो, मी मूळचा भित्रा आणि संकोची माणूस. कुठलाही आनंद झाला की तो आपण कुणाचा तरी हिसकावून घेतोय असं मला वाटतं. पन्नाशी आली तरी ही खोड गेलेली नाही. एका आजारी बाईसाठी चाललेल्या कामात मला इतकी मजा यावी याचंही तेव्हा ओझं वाटे. पण त्या रस्त्यावर, उन्हात, सायकल ढकलताना माझ्या पाठीमागं ती घंटा घणघणली की माझ्या अंगावर काटा येई. मैलभर दूर एका स्वयंपाकघरात कुणी बोट दाबलं होतं आणि मध्ये नुसती हवा होती.

एकदा घंटा जिनाच्या अलीकडेच बंद पडली. आदल्या फुलीपेक्षा मागं. सरांनी सगळी तार उतरवली, जोड तपासले, पुन्हा चढवली. दुपार गेली. शेवटी वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुमच्या तारेले काई नाही झालं. माही वांगी करपून राहिली होती. मी मोजाचं सोडलं."

"मंग सांगाचं ना."

"तुमी कवेलूवर इतके खुशीत दिसले, म्हटलं राहू द्या."

फुल्या पुढं सरकत मोर्णेच्या पुलाशी आल्या आणि तिथं अडल्या. बांबूला बांबू जोडून पाहिला, तो वाऱ्यानं मोडला. मग एका संध्याकाळी सर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तार आणखी उंच नेता येत नसेल तर तिच्या टोकाला काहीतरी पसरट, धातूचं लावावं, म्हणजे आखूड तारही लांब तारेसारखी वागते, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. घरात पसरट आणि धातूची वस्तू एकच होती. वहिनींची परात. पितळेची, दर्यापूरच्या माहेराहून लग्नात आलेली.

"पोळ्या कायच्यात मळू?"

"ताटात."

"अन् पाव्हणे आले तं?"

"पाव्हण्यायले परात दाखवू. वर."

वहिनींनी परात घासली, उन्हाला धरून पाहिली आणि दिली. कवेलूंच्या वर बांबूच्या शेंड्याला ती चढली तेव्हा गल्ली गोळा झाली होती. कुणीतरी पोलिसात कळवलं की मास्तर शत्रूला बातम्या पाठवून राहिला. एक शिपाई आला. सरांनी त्याला परवानगीचा कागद दाखवला, पाट दिला, बटन हातात दिलं. त्यानं ते दाबलं, आणि म्हणाला, "काई नाही झालं."

"इथं नाही होत. तिकडं होते."

"मंग मले कसं समजन?"

"तोच तं त्रास हाये," सर कळवळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या जरा आधी शिक्षकांच्या खोलीत सरांच्या टेबलावरची घंटा वाजली. वाजली म्हणजे अशी वाजली की शेजारचा सातवीचा वर्ग सुट्टी झाली समजून बाहेर आला. हेडमास्तर धावत आले. सर खुर्चीवर उभे होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी रडत होतो. वहिनींना काही झालेलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे त्या शंभर मोजत होत्या.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे पुरणपोळी होती, पण पुरणापेक्षा वहिनींचा प्रश्न मला जास्त आठवतो. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "एक सांगा मले. घंटी वाजली तं मी पडली. नाही वाजली तं मी बरी हाओ, का तुमचं यंत्र मेलं?"

सर जेवायचे थांबले.

"अन् मी बटनापाशी पडन असं थोडीच हाये. न्हाणीत पडली तं?"

पुढचे काही दिवस सर चिठोऱ्यांवर आकृत्या काढत आणि खोडत. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहत. मग एका सकाळी शाळेच्या फाटकातच त्यांनी मला धरलं. सगळं उलटं करायचं होतं. घरचं यंत्र, बॅटरीवर, सर शाळेत असेपर्यंत सतत लहर पाठवत राहणार. लहर येते आहे तोवर घंटा गप्प. लहर तुटली की घंटा. बटन दाबल्यावर लहर तुटणार. पण बटन दाबायच्या आधी यंत्र मेलं, तार पडली, परात उडाली, तरीही घंटा वाजणारच. "म्हंजे घंटी गप हाये तोवर सारं चालू हाये, मास्तर. खात्रीनं." ते माझा हात दाबत होते. त्यांचे डोळे चमकत होते.

महिनाभर घंटा गप्प राहिली. सर शिकवताना अधूनमधून थांबत आणि कान देत, काही ऐकू येत नाही म्हणून खूश होत. मग फाल्गुन लागला आणि घंटा वाजायला लागली.

पहिल्यांदा वाजली तेव्हा ते हातातला खडू तसाच घेऊन सायकलवर बसले. घरी वहिनी तुरीची डाळ निवडत होत्या. "आता काहून आले?" दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वहिनींनी त्यांच्यासाठी चहा आधीच ठेवला होता. हेडमास्तर म्हणाले, सर, ही घंटा घरी न्या किंवा बायकोला शाळेत आणा.

दोष यंत्रात नव्हता, जमिनीत होता. अशा यंत्राची एक तार वर जाते तशी एक खाली जमिनीत जाते, आणि जमीन ओली असेल तरच ती काम करते. आमची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी. तेव्हा तिच्याइतकं चांगलं अर्थिंग जगात नाही, असं सर म्हणत. पण ऊन तापलं की ती तडकते. मी गेलो तेव्हा सर अंगणात पालथे पडून भेगेत हात घालून बसले होते, कोपरापर्यंत. गाडलेल्या सळईला मातीनं सोडून दिलं होतं.

आता त्यांची दुसरी सवय सांगायला हवी. ते माती चाखत. कुठंही गेले की चिमूटभर उचलून जिभेला लावत आणि खारट लागली की खूश होत, कारण खारट मातीतून वीज बरी चालते. वऱ्हाडात खारपाणपट्टा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या आणतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. यांना त्या पट्ट्याचं अप्रूप. आणि दर्यापूर त्यातलंच. शनिवारी शाळा सुटल्यावर, एका रात्रीपुरतं शेजारणीला वहिनींकडे बघायला सांगून, ते सासुरवाडीला गेले आणि रविवारी दोन पोती घेऊन एसटीनं परतले. मी स्टँडवर उतरवून घ्यायला होतो. कंडक्टर अजून भांडतच होता.

"पोत्यात माती हाये, अन् म्हंते लगेज नाही."

"माती कुठं लगेज असते?" सर म्हणाले.

"अकोल्यात माती नाही का, मास्तर?"

"हाये. पण अळणी हाये."

सळईभोवती खड्डा खणला, त्यात कोळसा, मीठ आणि ती माती भरली. वहिनी ओसरीवरून बघत होत्या. "लोकायच्या बाया माहेरून लुगडं आणतेत. माह्यासाठी माती आली." असं म्हणाल्या खऱ्या, पण खड्डा भरून झाल्यावर स्वतः खाली आल्या आणि वरून हातानं माती दाबली.

खारट मातीलाही ओल लागतेच. म्हणून ठरलं, सर शाळेला निघाले की वहिनींनी रोज सकाळी घागरभर पाणी सळईपाशी ओतायचं. शेजारणी तुळशीला घालतात तसं. पाण्याची टंचाई, गल्लीत कुजबुज झाली. वहिनी भांडी विसळलेलं पाणी त्यासाठी साठवू लागल्या. "जमिनीले चहा पाजते," म्हणायच्या. ओतलेलं पाणी उन्हानं दुसऱ्या दिवशीपर्यंत जेमतेम टिके. घंटा पुन्हा गप्प झाली.

तरी सरांचं समाधान नव्हतं. रोजच्या पाण्यावर विसंबणं त्यांना ओशाळवाणं वाटे. अमरावतीला त्यांच्या ओळखीचा एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्यानं उपाय सांगितला: तांब्याची लांब नळी थेट परसातल्या विहिरीच्या तळच्या पाण्यापर्यंत उतरवा, मग ना भेग ना घागर. सर बडनेऱ्याला गाडी बदलून जाऊन नळी घेऊन आले. ती ओसरीत आडवी ठेवली होती. परीक्षा आटोपली की बसवायची.

चैत्रात सकाळची शाळा असते. वार्षिक परीक्षा चालू होती. मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होतो, सर वर्गात पहाऱ्यावर. ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. आणि घंटा वाजली.

मी हे लिहायचं टाळणार होतो, पण लिहितो. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. इतके दिवस गप्प असलेली ती पेटी जागी होती, जिवंत होती, या गोष्टीचा आनंद. मग मी पळालो.

सर वर्गाच्या दारात आलेच होते. मी म्हणालो, "पुन्हा भेग पडली असेल सर." त्यांनी मान हलवली. सायकल मी चालवली, ते मागे बसले. वाटेत ते एकच गोष्ट बोलत होते, माझ्या पाठीला, हळू, जसं वर्गात एखादं गणित सोडवून दाखवावं. "बटन दाबलं असन तं ती शुद्धीवर हाये. नाही दाबलं तं पाणी नाही टाकलं. तिनं पाणी नाही टाकलं, मास्तर. ती सळईपर्यंत गेली नाही." पुलावर पानठेलेवाला समोरून येत होता. आमचे चेहरे पाहून त्यानं काही न विचारता आपली सायकल वळवली आणि डॉक्टरांकडे नेली.

वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. घागर आत कलंडली होती, पाणी सगळं चुलीकडे वाहून गेलं होतं. बटन भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, त्यांच्या हातापासून खूप दूर. बाहेर सळईपाशी माती पांढरट पडली होती. सरांनी वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या कानाशी सारखं बोलत राहिले. काय बोलत होते ते मी ऐकलं नाही. मी दारात उभा राहून डॉक्टरांची वाट बघत होतो.

डॉक्टर वेळेत आले. तेव्हापासून मी वेळेत हा शब्द जपून वापरतो.

दवाखान्यात वहिनी बोलू लागल्या तेव्हा मीही होतो. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घंटी वाजली?"

"वाजली," सर म्हणाले.

"मी तं बटन नाही दाबलं."

"तू पाणी नाही टाकलं."

त्यांनी थोडा विचार केला. मग हसू लागल्या, नर्स ओरडली तरी हसत राहिल्या. त्यांचा तो चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की घंटा ऐकल्यावर मला पहिल्यांदा आनंद झाला होता, आणि त्याची मला फार लाज वाटते.

"लाज कायची?" वहिनी म्हणाल्या. "इतक्या दुरून वाजली. मी असती तं मीबी नाचली असती. किती जोरात वाजली ते सांगा."

मी सांगितलं. हातवारे करून सांगितलं.

वहिनी घरी परतल्यावर एका रविवारी मी बाही सरसावून गेलो. म्हटलं, नळी बसवून टाकू. सर ओसरीत बसून होते. "नाही बसवाची," म्हणाले. मला वाटलं थकले. मग त्यांनी मला समजावलं, फळ्यावर समजावतात तसं. नळी बसवलेली असती तर त्या सकाळी लहर तुटली नसती. घंटा गप्प राहिली असती, आणि ते पहाऱ्यावर कान देऊन, खूश होऊन उभे राहिले असते. "मी म्हणत होतो, घंटी गप म्हंजे सारं चालू हाये. सारं म्हंजे काय तं यंत्र. त्यात ती कुठं होती? आता हाये. घागर उचलाले तिले उठा लागते, चाला लागते, वाका लागते. रोज."

आयुष्यभर पल्ला वाढवत आलेल्या माणसानं त्या दिवशी हातात आलेली सुधारणा नाकारली. वहिनींनी नळी अंगणात उभी रोवून तिच्यावर वालाचा वेल चढवला. शेंगा मीही खाल्ल्या.

पुढं माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर, मी एका वैशाखात त्यांच्याकडे गेलो. परात अजून वर होती, हिरवी पडलेली. घंटेची पेटी ओसरीत खुंटीला टांगलेली, सरांच्या खुर्चीच्या अगदी वर. सर आता दिवसभर घरीच असत. वहिनींपासून घंटेचं अंतर फार तर दहा पावलं.

"आता कशाला सर?" मी विचारलं. "त्या समोरच तर असतात."

"मले डुलकी लागते," ते म्हणाले.

आतून वहिनी आल्या. घागर आता झेपत नव्हती, हातात तांब्या होता. मला पाहून हसल्या, पण थांबल्या नाहीत. "बसा मास्तर. हिले पाजू द्या आधी." हळूहळू पायऱ्या उतरून त्या सळईपाशी गेल्या, वाकल्या, पाणी ओतलं. सगळं अंगण भेगांनी तडकलं होतं. तेवढा परातीएवढा तुकडा काळा आणि ओला.

कुणी नवी तार लावली का, म्हणून मी सवयीनं वर, शेजारच्या छपराकडे पाहिलं. सरांनी पाहिलं नाही. त्यांची नजर खाली होती, तांब्यातून पडणाऱ्या धारेवर, आणि धार संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.